शाळेच्या समितीत पालक आणि शिक्षक



शाळा व्यवस्थापन समिती हा शब्द आता आपल्या रोजच्या कामकाजात रुळला आहे. प्रत्येक शाळेत समिती आहे, तिचे प्रोसिडिंग बुक आहे, अध्यक्षांची सही आहे आणि मुख्याध्यापकांची सहीही आहे. शाळा तपासणीच्या वेळी हे सर्व दाखविले जाते व त्यावर शेराही मिळतो. परंतु समिती असणे निराळे आणि समितीने शाळा चालविणे निराळे. या दोहोंत जे अंतर आहे ते भरून काढणे बहुतांशी शिक्षकांच्याच हाती आहे, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे. त्यातही आपल्यासारख्या प्राथमिक शिक्षकांनी एक गोष्ट विशेष ध्यानी घेतली पाहिजे. आपल्या शाळेतून बाहेर पडणारा मुलगा किंवा मुलगी पुढे माध्यमिक शाळेत जाते, आणि तेथे पालकाला बसावयास मिळणारी जागा आपल्याकडच्यापेक्षा पुष्कळच अरुंद आहे. म्हणून पालकाला समितीत बसण्याची, प्रश्न विचारण्याची व हिशेब समजून घेण्याची जी सवय लागावयाची ती आपल्याच शाळेत लागली पाहिजे.

कायद्याने काय दिले

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद केली. विनाअनुदानित खासगी शाळा वगळता इतर सर्व शाळांना, म्हणजे शासकीय, स्थानिक प्राधिकरणाच्या व अनुदानित शाळांना, हे कलम लागू आहे. समितीच्या सदस्यांपैकी किमान तीन चतुर्थांश सदस्य त्या शाळेत शिकणाऱ्या बालकांचे मातापिता किंवा पालक असले पाहिजेत. दुर्बल व वंचित घटकांतील बालकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळाले पाहिजे. एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. २०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याकांच्या शाळांतील व इतर सर्व अनुदानित शाळांतील समितीचे काम सल्ला देण्यापुरते ठेवण्यात आले, तेवढा अपवाद लक्षात ठेवावा.

आपल्या राज्यात १७ जून २०१० च्या शासन निर्णयाने या समितीची घडण ठरवून दिली. सदस्य सचिव सोडून १२ ते १६ सदस्य, अध्यक्ष पालकांमधून निवडलेला आणि मुख्याध्यापक हे सदस्य सचिव, अशी ती रचना आहे. हे गणित फळ्यावर मांडून पाहावे. १२ जणांची समिती असेल तर ९ जागा पालकांच्या होतात. उरलेल्या ३ जागांत स्थानिक प्राधिकरणाचा निवडून आलेला एक प्रतिनिधी, शिक्षकांचा एक प्रतिनिधी आणि गावातील एक शिक्षणतज्ज्ञ येतो. १२ पैकी ६ स्त्रिया हव्यात. म्हणजे मतांच्या दृष्टीने पाहता शाळेचा कारभार पालकांच्या हाती सोपविलेला आहे. शिक्षकाचे मत एक आहे.

समितीची कामे कोणती? शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि शासनाकडून, स्थानिक प्राधिकरणाकडून किंवा अन्य मार्गाने आलेल्या अनुदानाचा विनियोग नीट होतो की नाही हे पाहणे, ही कामे अधिनियमातच सांगितली आहेत. आराखड्याविषयी कलम २२ स्वतंत्रपणे बोलते. शाळेला पुढील तीन वर्षांत किती खोल्या, किती शिक्षक, कोणते साहित्य लागेल याचा विचार त्यात व्हावा, आणि वरून येणारे अनुदान शक्यतो त्या आराखड्याच्या आधारे यावे, असा त्यामागील हेतू आहे.

सहीचा प्रश्न

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. अनेक शाळांची प्रोसिडिंग बुके चाळली असता ठरावांची भाषा बारा महिने एकच आढळते. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले', 'आलेल्या अनुदानाच्या खर्चास मंजुरी देण्यात आली', 'सर्वानुमते ठराव मंजूर'. सह्यांचा रकाना भरलेला असतो. आंगठ्यांचे ठसेही असतात. परंतु खर्च किती झाला, कशावर झाला, कोणी कोणता प्रश्न विचारला, कोणी नाही म्हटले, याचा मागमूस नसतो. काही ठिकाणी तर सभा न होताच वही घरोघर फिरते, हे आपण सर्व जाणतो.

यात लबाडीच असते असे नाही. पुष्कळदा मुख्याध्यापकांवर कामाचा बोजा इतका असतो की सभा ही आणखी एक नोंद होऊन बसते. पालकही म्हणतात, 'गुरुजी, तुम्ही शिकलेले, तुम्ही लिहाल ते खरे.' या वाक्यात शिक्षकाविषयीचा आदर आहे आणि तो आपल्याला सुखावतो. पण त्याच वाक्याने पालक आपली जागा सोडून देतो. वाचून न दाखविलेल्या मजकुराखाली घेतलेली सही ही संमती नव्हे. उद्या त्या खर्चाविषयी विचारणा झाली तर अध्यक्ष म्हणतील, 'मला सही कर म्हटले, मी केली.' त्या वेळी एकटे मुख्याध्यापक उभे राहतात. म्हणजे ज्या सवयीने आपले काम सोपे होते असे वाटते, तीच सवय आपल्याला निराधार करते.

समिती शिक्षकाची ढाल आहे

समिती म्हणजे शिक्षकावर नेमलेला पहारेकरी, अशी एक समजूत आपल्या मनात घर करून असते. ती तपासून पाहिली पाहिजे. अधिनियमाच्या कलम २४ ने शिक्षकावर नियमितपणा, वेळेवर अभ्यासक्रम पूर्ण करणे, पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी व प्रगती त्यांना सांगणे, ही कर्तव्ये टाकली आहेत आणि समितीने त्याकडे लक्ष द्यावयाचे आहे, हे खरे. परंतु त्याच अधिनियमाच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुकीची कामे वगळता शिक्षकाला अन्य अशैक्षणिक कामास लावता येत नाही. केंद्र शासनाने २०१० साली जे नियम केले त्यांत, शिक्षकांवर असा भार पडत नाही ना, हे पाहण्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीकडे दिले आहे. शिक्षकांच्या गाऱ्हाण्यांची पहिली पायरीही हीच समिती आहे.

शाळेत दोन शिक्षक असून त्यांतील एक सतत बाहेरच्या कामात गुंतलेला असेल, तर एकट्या शिक्षकाचा अर्ज आणि ९ पालकांनी चर्चा करून केलेला ठराव यांच्या वजनात जमीनअस्मानाचे अंतर पडते. पण ते वजन येण्यासाठी समिती जिवंत असावी लागते. एरवी वर्षभर जिला केवळ सही करावयास बोलावले, ती समिती अडचणीच्या वेळी धावून येणार नाही.

माध्यमिक शाळेची घडण निराळी

आपल्या रिसोड तालुक्यात, तसेच वाशीम जिल्ह्यात सर्वत्र, प्राथमिक शाळा मुख्यतः जिल्हा परिषदेच्या आहेत आणि माध्यमिक शाळा पुष्कळशा खासगी शिक्षण संस्थांच्या आहेत. वऱ्हाडात संस्थांनी शाळा उभारण्याची परंपरा मोठी आहे. डॉ. पंजाबराव देशमुख (१८९८–१९६५) यांच्या प्रेरणेने अमरावती येथे उभी राहिलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था हे त्याचे ठळक उदाहरण होय. शेतकऱ्याच्या मुलाला हायस्कूलचे दार उघडून देण्याचे श्रेय अशा संस्थांचे आहे, याबद्दल दुमत नाही.

या शाळांतील कारभाराची चौकट मात्र वेगळ्या कायद्याने ठरली आहे. महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम १९७७ आणि त्याखालील १९८१ ची नियमावली यांत 'शाळा समिती' सांगितली आहे. तीत व्यवस्थापनाचे प्रतिनिधी, सेवाज्येष्ठतेनुसार पाळीने येणारा एक कायम शिक्षक आणि सचिव या नात्याने मुख्याध्यापक असतात. शिक्षकाला तेथे जागा मिळाली, ही त्या काळात मोठीच गोष्ट होती. पालकासाठी मात्र त्या समितीत जागा ठेवलेली नाही.

याचा अर्थ असा की अनुदानित हायस्कूलला पाचवी ते आठवीचे वर्ग जोडलेले असतील तर त्या वर्गांसाठी २००९ च्या अधिनियमाची व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तेथे पालक बहुसंख्य असतात. पण त्याच इमारतीत मूल नववीत गेले की त्या अधिनियमाने दिलेली ही बैठक पालकाच्या हातून सुटते. २००९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने माध्यमिक शाळांसाठी शाळा व्यवस्थापन व विकास समितीची कल्पना आणली, आणि २०१८ साली ते अभियान समग्र शिक्षा योजनेत विलीन झाले. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघाचीही तरतूद आहे. परंतु या वाटा पालकाला ठाऊक असतील तरच उपयोगाच्या. अधिकार मोठा असो की लहान, तो बजावण्याची रीत पालकाने आधीच शिकलेली असली पाहिजे.

पूर्वीचा विचार आणि परदेशातील अनुभव

शाळेच्या कारभारी मंडळात कोणी बसावे, हा वाद नवा नाही. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ च्या आपल्या अहवालात दोन गोष्टी सांगितल्या होत्या. मुख्याध्यापक हे व्यवस्थापक मंडळाचे पदसिद्ध सदस्य असावेत, ही एक. मंडळाच्या कोणाही सदस्याने शाळेच्या अंतर्गत कारभारात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष ढवळाढवळ करू नये, ही दुसरी. मंडळाने धोरण ठरवावे, साधने पुरवावीत, हिशेब पाहावा. वर्गात कसे शिकवावे हे शिक्षकावर सोपवावे, अशी ती मर्यादा आहे. आजच्या समितीलाही ती तंतोतंत लागू पडते.

इंग्लंडमध्ये याच प्रश्नाची चर्चा १९७७ च्या टेलर समितीच्या अहवालाने जोरात सुरू झाली. स्थानिक प्राधिकरण, शाळेतील कर्मचारी, पालक आणि परिसरातील नागरिक या चौघांना शाळेच्या मंडळात समान वाटा असावा, अशी त्या समितीची शिफारस होती. त्यानंतर १९८० च्या शिक्षण कायद्याने पालकांचे व शिक्षकांचे निवडलेले प्रतिनिधी मंडळावर आणले, आणि १९८६ च्या कायद्याने पालकांचा वाटा वाढविला. २०१२ च्या नियमांनुसार तेथील स्थानिक प्राधिकरणाच्या शाळांच्या मंडळात पालकांचे किमान दोन निवडलेले प्रतिनिधी, कर्मचाऱ्यांचा एक निवडलेला प्रतिनिधी आणि मुख्याध्यापक असतात. वर्षातून ५०० तासांहून अधिक काळ त्या शाळेत पगारी काम करणारा मनुष्य पालकांच्या जागेवर उभा राहू शकत नाही, असाही एक नियम आहे. त्याचे मर्म सोपे आहे. पालकांची जागा पालकाचीच राहावी. कर्मचाऱ्याने दुसऱ्या दाराने ती घेऊ नये.

न्यूझीलंडने १९८९ साली याहून पुढचे पाऊल टाकले. तेथे प्रत्येक शाळेसाठी पालकांनी निवडलेल्या प्रतिनिधींचे बहुमत असलेले मंडळ आले. त्यात मुख्याध्यापक व कर्मचाऱ्यांचा एक निवडलेला प्रतिनिधी असतो, आणि माध्यमिक शाळेत विद्यार्थ्यांनी निवडलेला एक विद्यार्थीही बसतो. ज्या वयात मूल स्वतः बोलू लागते, त्या वयात पालकाला व मुलाला शाळेच्या बैठकीबाहेर ठेवू नये, असा तो विचार आहे. आपल्याकडे नववीच्या उंबरठ्यावर काय होते हे आपण वर पाहिलेच.

प्रतिनिधी म्हणजे वकील नव्हे

अशा मंडळांच्या अनुभवातून एक तत्त्व सिद्ध झाले आहे, ते आपल्या पालकसदस्यांना आणि आपल्यालाही समजले पाहिजे. पालकांनी निवडून दिलेला सदस्य हा पालकांचा प्रतिनिधी असतो. तो आपल्या एकट्याच्या मुलाचा वकील नसतो. 'माझ्या मुलाला पहिल्या बाकावर का बसविले नाही' हा समितीचा विषय नव्हे. त्यासाठी वर्गशिक्षकांची भेट घ्यावी. पण 'वर्गात मागे बसलेल्या मुलांना फळा दिसत नाही, खिडकीचा उजेड त्यावर चकाकतो' हा समितीचा विषय आहे, कारण तो सर्व मुलांचा आहे. दोन्ही वाक्ये एकाच आईच्या तोंडून येऊ शकतात. पहिल्या वाक्यातून दुसऱ्यापर्यंत तिला हळूच आणणे, हे सचिवाचे कौशल्य होय.

हाच न्याय शिक्षकसदस्यालाही लागतो. शिक्षकांनी निवडला म्हणून तो शिक्षकांच्या प्रत्येक कृतीचे समर्थन करण्यास बांधलेला नाही. वर्गातील खरी स्थिती त्याला ठाऊक असते. किती मुलांना अजून जोडाक्षरे वाचता येत नाहीत, किती मुली आठवड्यातून दोन दिवस धाकट्या भावंडांसाठी घरी राहतात, हे त्याने सभेत मांडले पाहिजे. स्वतःच्या कामाचा मुद्दा निघाल्यास त्याने माहिती द्यावी व निर्णय इतरांवर सोडावा. आपल्या शाळेत आपलेच मूल शिकत असलेल्या शिक्षकाने पालकांच्या जागेवर हक्क सांगू नये, हे वरील उदाहरणावरून सहज उमजेल.

सभा कशी भरवावी

समिती जिवंत होते ती सभेत. त्यासाठी काही व्यवहारी सूचना अनुभवाने देता येतील.

१. वेळ. केनवड परिसरात सोयाबीनची सोंगणी लागली की सकाळी अकराची सभा ही पालकांना येऊ नका असे सांगण्यासारखीच आहे. मजुरी बुडवून कोणी येणार नाही, आणि येऊ नये अशीच अपेक्षा धरावी. सुगीच्या दिवसांत सभा सायंकाळी, शक्य तर वस्तीजवळ घ्यावी. तांड्यावरील पालक सदस्य असतील तर एखादी सभा तांड्यावरच का घेऊ नये?

२. विषयपत्रिका. ती किमान चार दिवस आधी पोहोचावी आणि तीत तीनचार विषयांपेक्षा अधिक नसावेत. ज्याला वाचता येत नाही त्याला मुलाकरवी वाचून दाखवावी. सहावीतील मुलगी आईला विषयपत्रिका वाचून दाखविते, यासारखे वाचनाचे दुसरे शिक्षण नाही.

३. बैठक. मुख्याध्यापक खुर्चीवर व अध्यक्ष सतरंजीवर, असा देखावा काही ठिकाणी दिसतो. अध्यक्ष हे समितीचे अध्यक्ष आहेत. सर्वांनी एकाच पातळीवर, गोलाकार बसावे. स्त्रिया मागे दाराशी बसल्या तर त्यांचे मत दाराशीच राहते.

४. भाषा. 'विनियोग', 'तरतूद', 'अखर्चित शिल्लक' हे आपले शब्द आहेत. सभेत 'इतके रुपये आले, इतके खर्च झाले, इतके उरले' असे सांगावे. आकडे फळ्यावर लिहावेत आणि पावत्या सर्वांना पाहावयास द्याव्यात. ज्यांच्या घरी मराठीऐवजी गोरमाटी बोलली जाते त्यांच्यासाठी एखाद्या सदस्याने मुद्दा समजावून सांगावा.

५. बोलण्याचा क्रम. शिक्षकाने आधी मत दिले की सभा संपली असे समजावे. अध्यक्षांनी प्रथम मातांना, नंतर इतर पालकांना आणि सर्वांत शेवटी शिक्षकांना विचारावे. थोडा वेळ शांततेत गेला तरी गडबडून जाऊ नये. जो माणूस आयुष्यात प्रथमच सभेत बोलणार आहे त्याला शब्द जुळविण्यास अवधी लागतो.

६. इतिवृत्त. ते सभेतच लिहावे, सभेतच मोठ्याने वाचावे आणि मग सह्या घ्याव्यात. कोणी विरोध केला असेल तर तोही लिहावा. 'सर्वानुमते' हा शब्द खरा असेल तेव्हाच वापरावा. मागील ठरावाचे काय झाले, हा पुढील सभेचा पहिला विषय असावा.

एक उदाहरण

समजा, सातवीच्या वर्गात १४ मुली आहेत आणि मागील दोन वर्षांत आठवीला गेलेल्या मुलींपैकी काही मध्येच घरी बसल्या. हा विषय समितीपुढे ठेवला तर शिक्षक म्हणतील, 'पालकांना शिक्षणाची आस्था नाही.' पण एखादी आई सांगेल, 'शाळा सुटते त्याआधीच एस.टी. निघून जाते. पोरगी अंधारात चालत येते.' राज्यात अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण मुलींना शाळेसाठी एस.टी.चा प्रवास मोफत आहे. पास आहे, मात्र बस वेळेवर नाही. ही गोष्ट कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही. ती पालकालाच ठाऊक असते. समितीने ठराव करावा, माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांना त्याची प्रत देऊन त्यांचेही पत्र घ्यावे आणि दोन्ही मिळून आगार व्यवस्थापकांकडे द्यावीत. पालकांनी स्वतः जाऊन भेटावे. वेळ बदलेल किंवा न बदलेल. परंतु त्या पालकांना एक गोष्ट कळलेली असेल की, मुलगी घरी बसणे हे दैव नव्हे. त्याला कारण असते आणि कारणावर ठराव करता येतो.

हेच पालक पुढील वर्षी माध्यमिक शाळेच्या पालकसभेत बसतील तेव्हा मुकाट्याने ऐकून उठणार नाहीत. पालक-शिक्षक संघ केव्हा निवडला, विकास समितीत कोण आहे, प्रयोगशाळेची खोली बंद का असते, हे प्रश्न ते विचारतील. तेथील शिक्षकांना प्रारंभी ते जड वाटेल. पण ज्या शाळेला प्रश्न विचारणारे पालक लाभतात तिला मदत करणारे पालकही तेथूनच मिळतात.

वाशीम हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा. २०१८ साली केंद्र शासनाने त्याची गणना आकांक्षित जिल्ह्यांत केली, म्हणजे शिक्षणासारख्या बाबतीत आपल्याला अजून बरीच वाट चालावयाची आहे. ती वाट केवळ इमारती व अनुदाने यांनी सरणार नाही. कायद्याने पालकाला जागा दिली आहे. त्या जागेवर त्याला मानाने बसविणे कायद्याला साधत नाही, ते शिक्षकाला साधते. येत्या सभेपासून निदान एवढे करावे: वही मिटण्यापूर्वी इतिवृत्त मोठ्याने वाचावे आणि सही करणाऱ्या प्रत्येकाला विचारावे, 'आपण काय ठरविले?' उत्तर आले तर सही घ्यावी. न आल्यास पुन्हा एकदा समजावून सांगावे. समजावून सांगणे हे तर आपले नित्याचेच काम आहे.

शिक्षण विस्तार अधिकारी